चहातली गोळी आणि हृदयाचा धसका

शुगर फ्री गोळ्यांनी हार्ट अ‍ॅटॅक येतो का? झाशी असो की सांगली, घरात मधुमेह शिरला की हा प्रश्न मागोमाग येतोच. पण त्याआधी शशिकांत फडणीस यांच्याविषयी सांगायला हवं. त्यांचा शोध घरोघरच्या डब्यांत आहे, नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

१९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्या हाताखाली फडणीस साखरेच्या रेणूवर क्लोरीन बसवण्याचे प्रयोग करत होते. हफ यांनी नवा पदार्थ तपासायला (test) सांगितला आणि फडणीसांना ऐकू आलं चाखायला (taste), असं सांगतात. त्यांनी कणभर जिभेवर ठेवला (प्रयोगशाळेत असं कुणी कधीही करू नये!) आणि तो साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघाला. हेच अनेक शुगर फ्री गोळ्यांतलं सुक्रलोज. त्यातलं बरंचसं न पचता शरीराबाहेर पडतं.

आता हृदयाकडे. २०२२ मध्ये फ्रान्सच्या न्यूट्रिनेट-सांते पाहणीत एक लाखाहून अधिक लोकांचा आहार आणि आजार तपासले गेले. साखरेऐवजीचे कृत्रिम गोडवे जास्त घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार वर्षाला लाखामागे ३४६ जणांना झाले, न घेणाऱ्यांत ३१४ जणांना. मथळे मात्र भीतीचे आले. शिवाय गोडवे घेतं कोण? बहुतेकदा आधीच वजन किंवा साखर वाढलेला माणूस. औषधाच्या दुकानात आजारी लोक जास्त दिसतात, म्हणून दुकान आजार पसरवत नाही. संशोधकांनी हा फरक गणितानं वजा केला होता, पण तो पूर्ण पुसला जात नाही.

एरिथ्रिटॉल या दुसऱ्या गोडव्याची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटानं २०२४ मध्ये निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिलं. रक्तातलं त्याचं प्रमाण हजारपटीहून जास्त वाढलं आणि प्लेटलेट या रक्तपेशी गुठळी करायला जास्त उतावीळ झाल्या. तितकंच ग्लुकोज घेणाऱ्यांत तसं झालं नाही. माणसं थोडी होती, तरी इथे निदान कारणाचा धागा हाती लागतो.

आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं १७९ मधुमेहींवर १२ आठवडे प्रयोग केला. चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रलोज घेणाऱ्यांची रक्तशर्करा बिघडली नाही, वजन आणि कंबर किंचित उतरली. अर्थात १२ आठवड्यांत हृदयाचा निकाल लागत नसतो.

म्हणून मधुमेहींनी घाबरून पुन्हा साखरेकडे वळू नये. मात्र ‘कीटो’ म्हणून विकली जाणारी बिनसाखरेची मिठाई, आइस्क्रीम घेताना वेष्टनावरचे घटक वाचा. एरिथ्रिटॉल दिसलं आणि हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच खा. आणि सुक्रलोज चहात घाला, केकमध्ये नको: १२० अंशांपुढे तापल्यावर त्यातून घातक क्लोरीनयुक्त संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेनं २०१९ मध्येच दिला आहे.