पीटर पार्करचं नाव 'प'नेच का सुरू होतं?

पीटर पार्कर. ब्रूस बॅनर. रीड रिचर्ड्‌स. दोस्तांनो, ही नावं जरा मोठ्याने म्हणा बरं! हे तिघं म्हणजे स्पायडरमॅन, हल्क आणि मिस्टर फॅन्टास्टिक. काही जाणवलं? नाव ज्या आवाजाने सुरू होतं, त्याच आवाजाने आडनावही. प-प, ब-ब, र-र!

हा योगायोग नाही हं. त्यांच्या गोष्टी लिहिणारे स्टॅन ली एकाच वेळी ढीगभर कॉमिक्स लिहायचे. इतकी नावं लक्षात कशी ठेवायची? म्हणून ही युक्ती! तरी १९६०च्या दशकात त्यांनी एकदा ब्रूसला चुकून 'बॉब' केलंच. पण गंमत बघा, नाव विसरलं तरी 'ब' काही सुटला नाही!

या युक्तीला आपण अनुप्रास म्हणतो, इंग्रजीत अलिटरेशन. इंग्रजीला तिची आवड फार जुनी. 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं काव्य ३,१८२ ओळींचं आहे. त्यातला वीर ग्रेंडेल नावाच्या राक्षसाशी झुंजतो. या काव्याचं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलंय. या काव्याची बांधणी यमकावर नाही, अनुप्रासावर आहे! प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, मध्ये छोटासा थांबा; आणि दोन्हींकडे जोर देऊन म्हणायचे काही शब्द एकाच आवाजाने सुरू होणारे. पहिला तुकडा कानावर पडला की दुसऱ्याची चाहूल लागलीच.

असं का होतं? २००८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कविता वाचायला देऊन हे तपासलं. पुढच्या ओळीत तोच आवाज पुन्हा आला, की मागे त्या आवाजाबरोबर आलेले शब्द वाचणाऱ्यांना लवकर आठवत होते. म्हणजे सारखा आवाज मेंदूतली जुनी आठवण जागी करतो!

आता एक कोडं. 'फनी फोन' यात अनुप्रास आहे का? स्पेलिंग बघाल तर एक शब्द 'एफ'ने सुरू होतो, दुसरा 'पी'ने. तरीही आहे, कारण दोन्हींचा आवाज 'फ'! आणि 'सिटी कॅट'? दोन्ही शब्द 'सी'ने सुरू होतात, पण एकाचा आवाज 'स', दुसऱ्याचा 'क'. इथे अनुप्रास नाही!

तेव्हा इंग्रजीची कविता अभ्यासाला आली, की आधी खणखणीत आवाजात वाचा. जे अनुप्रास डोळ्यांना दिसत नाहीत, ते कान बरोबर पकडतात.