पाक, पाऊस आणि शनिवार

जुलैतला शनिवार. लोणावळ्याच्या बाजारपेठेतलं चिक्कीचं कोणतंही जुनं दुकान घ्या, दिवस साधारण असाच जातो.

पहाटे 5. मागच्या खोलीत भट्टी पेटते. शेंगदाणे आदल्या संध्याकाळीच भाजून, सालं पाखडून ठेवलेले असतात. कढईत चिक्कीचा गूळ विरघळू लागला की कारागीर तिथून हलत नाही. फेस तांबूस झाला, की पाण्याच्या वाटीत थेंब टाकतो आणि बोटांत धरून पाहतो. थेंब लवला तर अजून थांबायचं, काडकन मोडला तर दाणे ओतायचे. मग सगळी घाई. तूप लावलेल्या ओट्यावर गोळा टाकायचा, लाटायचा, गरम आहे तोवरच कापायचा. एकदा थंड झाला की चिक्कीचा नुसता चुरा हाती येतो.

सकाळी 7. पॅकिंगच्या बायका कामशेत, मळवलीहून लोकलने येतात. आज निम्म्याच आल्यात, कारण मावळात भाताची लावणी जोरात आहे. गर्दीचा हंगाम आणि लावणीचा हंगाम दरवर्षी एकाच वेळी येतो. शेठ त्यावर बोलत नाहीत, घरातल्या सुनांना आणि पोरांना हाक मारतात. चिक्की उघडी ठेवून चालत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात तासाभराच्या दमट हवेनेही ती हाताला चिकटू लागते.

सकाळी 8. मुंबईहून इंद्रायणी एक्स्प्रेस येते आणि पहिलं गिऱ्हाईक फलाटावरून थेट बाजारात उतरतं. या धंद्याचं मूळही याच रुळांवर आहे. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. चढ 37 फुटांना एक फूट. कर्जतला मागे जोडलेली बँकर इंजिनं लोणावळ्यात सोडायची, म्हणून गाडी इथे थांबणारच, आणि थांबलेल्या माणसाला काहीतरी खावंसं वाटणारच. भीमराज अगरवाल रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळदाणी विकायचे, मुलगा मगनलालने पुढे दुकान थाटलं, अशी हकीकत सांगितली जाते. हे घराणं मूळचं मावळातलं नाही, हे आडनावच सांगतं. ना शेतजमीन, ना गावकी. टिकाऊ, स्वस्त आणि खिशात मावणारा माल मात्र होता.

सकाळी 11. गर्दी भुशी धरणाकडे वळते. हे धरणही रेल्वेनेच बांधलं, वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. आज त्याच्या पायऱ्यांवर मुंबई-पुणं भिजायला येतं. दुकानात सध्या शुकशुकाट. ओल्या हातांनी चिक्की कोण घेणार?

दुपारी 2. जेवण उरकून शेठ वह्या काढतात. घरच्यांशी मारवाडी, कारागिरांशी मराठी, गुळाच्या व्यापाऱ्याशी फोनवर जमेल तशी हिंदी. शेंगदाण्याचा भाव चढलाय, पण पाकिटावरची किंमत हंगामाच्या मध्यावर बदलत नाहीत. गिऱ्हाईक एकदा दचकलं की शेजारच्या दुकानात जातं.

संध्याकाळी 5. परतीची लाट. भिजलेली पोरं, गाडीत हॉर्न वाजवणारे वडील.

“काका, ओरिजिनल मगनलाल हेच का?”

बाजारात त्या नावाच्या पाट्या एकाहून अधिक. काउंटरवरचा पोरगा वाद घालत नाही. काजूचा एक, तिळाचा एक तुकडा पुढे करतो. “ताई, चाखून बघा, मग ठरवा.” तोंडात तुकडा गेला की रिकाम्या हाताने परतणं बहुतेकांना जड जातं. शेंगदाणा, तीळ, काजू मिळून किलोभर, वर फजचा डबा.

रात्री 9. शटर अर्धं खाली. गल्ला मोजताना ओल्या नोटा वेगळ्या काढून पसरून ठेवतात. उद्या रविवार, म्हणून भट्टी पहाटे चारलाच. सुट्टी मागणाऱ्या कारागिराला सोमवार मिळतो.

हिशेब आटोपल्यावर मुलगा विषय काढतो. एक्स्प्रेस-वे झाल्यापासून कितीतरी गाड्या गावात न शिरताच पुढे जातात. त्याने महामार्गालगत एक गाळा पाहून ठेवलाय. भाडं ऐकून शेठ चष्मा पुसतात.

“गाळा राहू दे. आधी दोन रविवार तिथं उभा राहा आणि गाड्या मोज. जाणाऱ्या नाही, थांबणाऱ्या.”