मूळचा मासा

मोटारीतून शेकडो मैल जायचे, मासा पकडायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा! अमेरिकेतील वायोमिंग राज्यात असा छंद आहे. तेथील मत्स्यखात्याने १९९६ साली ‘कट-स्लॅम’ नावाचा उपक्रम सुरू केला. जबड्याखाली लाल-केशरी रेघ असलेल्या ‘कटथ्रोट’ ट्राउटच्या चार उपजाती तेथे आहेत. कोलोरॅडो, बॉनव्हिल, स्नेक आणि यलोस्टोन. चारही पकडणाऱ्यास प्रशस्तिपत्र मिळते. अट एकच, प्रत्येक मासा त्याच्या मूळ खोऱ्यातच पकडला पाहिजे. त्यामुळे बॉनव्हिलसाठी बेअर नदीचे खोरे गाठावे लागते, कोलोरॅडोसाठी ग्रीन नदीच्या वरच्या अंगाचे ओढे.

गळाला गांडूळ लावीत नाहीत. पिसे व दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी की फेकताच येत नाही. फेकतात तो जड दोर, माशी त्याच्यामागून जाते. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचे. आम्ही भोई. पाण्यावर सावली पडू द्यायची नाही, एवढे मला वडिलांनीही शिकवले आहे.

पण हे ओढे इतके आडवाटेला का? कारण सोयीच्या पाण्यात मूळचा मासा फारसा उरलेलाच नाही. १८८३ साली जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. पूर्वेकडचा ब्रुक आणि कॅलिफोर्नियाचा रेनबोही पश्चिमेच्या नद्यांत सोडण्यात आले. हेतू चांगलाच होता, लोकांना मासे मिळावेत! ब्रुकने जागा बळकावली. रेनबोने कटथ्रोटशी संकर केला. धबधब्याच्या वर, जेथे हे पाहुणे चढू शकले नाहीत, तेथे मूळचा वंश टिकला. आता काही ओढ्यांवर पाहुण्यांना अडवण्यासाठी मुद्दाम बांध घालतात.

यलोस्टोन सरोवरात १९९४ साली लेक ट्राउट सापडला. तो कटथ्रोटला खातो, पण त्याची जागा भरून काढीत नाही. कटथ्रोट अंडी घालण्यास उथळ ओढ्यांत चढतो, तेव्हा अस्वलांना तो मिळे. लेक ट्राउट खोल पाण्यातच राहतो. अस्वलाच्या पंजाला तो कसा लागणार? आता जाळी लावून तो काढतात, एकेका वर्षी तीन लाखांहून अधिक. हे काम आमच्या आळीतल्या कोणालाही जमले असते!

हे दूरचे प्रकरण समजू नये. आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातील निळ्या परांचा महसीर कावेरीत सोडला गेला आणि तेथे फोफावला. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे हटत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. तो कावेरीच्या खोऱ्याबाहेर कोठेच नाही. येथे पाहुणा आपल्याकडून गेला, हे मला विशेष खुपते.

वडिलांच्या जाळ्यात हल्ली बहुतेक चिलापीच येते, मूळची आफ्रिकेतली. ती विकून माझी फी भरली जाते, तेव्हा तिला नावे कशी ठेवू? आजी मात्र ज्या माशांची नावे घेते, त्यांतले कित्येक मी पाहिलेले नाहीत. ती नावे वहीत उतरवतो आहे. आजवर अकरा झाली.