लंडनमधील बिऱ्हाडाची निवड

वडील मंडळींसह उन्हाळ्यांत लंडनला जावयाचें, तर प्रेक्षणीय स्थळांची यादी करण्यापूर्वीं बिऱ्हाडाचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

ब्लूम्सबरी भाग मध्यवर्ती. हीथ्रोहून पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी थेट रसेल स्क्वेअरला येते. तेथून १७५३ सालीं स्थापन झालेलें ब्रिटिश म्यूझियम पायीं गांठतां येतें. मात्र तेथें भाडें चढें आणि स्थानकांत लिफ्ट असूनही कांहीं पायऱ्या चुकत नाहींत. गुडघे दुखत असल्यास त्याच मार्गावरील पुढचें किंग्ज क्रॉस स्थानक सोयीचें. तेथें पायऱ्या चढाव्या लागत नाहींत. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर शाकाहारी खाणावळी व आपल्याकडील वाणसामान मिळतें. पण तेथून शहरांत रोज जाणें-येणें आलें.

कोठेंही राहा, स्वयंपाकाची सोय व वारा खेळतो कीं नाहीं, हें आधीं विचारावें. जुन्या घरांत वातानुकूलन क्वचितच असतें. १९ जुलै २०२२ रोजीं हीथ्रोस पारा ४०.२ अंशांवर गेला होता. जूनमध्यें सूर्य रात्रीं नऊनंतर मावळतो, तेव्हां मुलांच्या झोपेसाठीं जाड पडदेही हवेत.

भाड्यांत वांचलेले पैसे वडिलांच्या पायांनीं फेडावे लागले, तर ती काटकसर नव्हे.