जेवणाचा अर्धा तास

आरोग्याच्या सवयींवर बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. मी ना वैद्य, ना पदवीधर. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या दारावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही हा विषय मी मागून घेतला. लवकर उठावे, चालावे, वेळेवर जेवावे, पुरेसे निजावे, हे आपणांस कोणी शिकवायला नको. आजीने ते केव्हाच सांगून ठेवले आहे. ठाऊक असूनही ते हातून का होत नाही, एवढाच प्रश्न मी आज घेतो. मला वाटते, सवय लागण्याआधी वेळ हाती असावा लागतो, आणि वेळ ही वस्तू सर्वांच्या घरी सारखी भरलेली नसते.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली. लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जो अर्ज गेला, त्यात मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुटी. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर अपघात झाला तर भरपाई. आणि दुपारी अर्ध्या तासाची सुटी. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावे लागले. आज आपण रविवारी दहा वाजेपर्यंत लोळतो, त्याला एवढा इतिहास आहे.

मला नवल वाटते ते त्या अर्ध्या तासाचे. चार अक्षरे न शिकलेल्या माणसांनी नेमकी तीस मिनिटेच का मागितली? पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात, असे शरीरशास्त्र सांगते. दहा मिनिटांत घास कोंबणारा माणूस म्हणूनच दोन भाकरी जास्त खातो आणि वर जडपणाची तक्रार करतो. वीस मिनिटे जेवण आणि दहा मिनिटे शतपावली, झाला अर्धा तास. जेवल्यावर थोडे चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, ती एकदम चढत नाही. शतपावली हा शब्द आपल्याकडे होताच. त्याचे कारण आता कळले, इतकेच.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती घातली. त्या कलमावर मी दारसभांतून घसा फोडून बोललो. आणि स्वतः? तीस वर्षे माझे जेवण बसमध्ये, वडापावावर, नाहीतर कोणाच्या कचेरीबाहेर उभ्याने झाले. एक्कावन्नाव्या वर्षी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारले, “जेवता किती वाजता?” मला उत्तर देता येईना. दुसऱ्यांचा अर्धा तास मागणाऱ्याने आपला उधळला होता. तेव्हापासून साडेबाराला मी डबा उघडतो, मग समोर मालक असो की मंत्री. लोणचे-पापडही आवरले. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरही नाही, इतके मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरच्या ठेच्यातच तेवढे जात असावे.

झोपेचे गणित याहून कठीण. त्र्यंबकहून सातपूर-अंबडला पाळीवर जाणारी मुले आपण पाहतो. रात्रपाळी करून ती उन्हात परततात. डोळ्यांवर उजेड पडला की शरीराला वाटते, दिवस सुरू झाला. त्यात अंथरुणावर हाती फोन. अशांनी घरी येताच खिडकीवर जाड चादर टाकावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि सात तास कोणी उठवू नये असे घरात बजावावे. घरातल्या बाईला मात्र असे बजावता येत नाही. तिची पाळी कधी संपतच नाही. लोखंड्यांचा रविवार तिच्यापर्यंत अजून पोहोचलेला नाही, आणि तो पोहोचवणे सरकारच्या नव्हे, आपल्या हाती आहे.

जादा तासांच्या पैशाचा मोह मी जाणतो. पण २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून एक हिशेब मांडला. आठवड्याला पंचावन्न तास वा अधिक राबणाऱ्याला पक्षाघाताचा धोका, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्याच्या मानाने, सुमारे ३५ टक्के अधिक असतो. हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के अधिक.

आता आपल्या गावाकडे वळू. तीर्थक्षेत्राला सुटीचा वार नसतो. सोमवारी गर्दी, रविवारी त्याहून गर्दी. श्रावण आला की फुलवाल्याकडचा पोरगा आणि भोजनालयातला वाढपी पहाटेपासून उभे. २०१७ च्या राज्याच्या कायद्याने दुकाने वर्षभर उघडी ठेवायला मुभा दिली, त्याबरोबर कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटीही सक्तीची केली. परंतु चार माणसांचे दुकान त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. इथे कायदा नाही, गाठ आहे ती मालकाच्या शहाणपणाशी. लाखो यात्रेकरू ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करून पुण्य घेऊन जातात, आणि त्यांना जेवू घालणारा उभ्याने दोन घास गिळतो, हे बरे दिसत नाही.

एका भोजनालयाच्या मालकांशी मी यावर दोन पावसाळे वाद घातला. ते म्हणत, “भाऊ, गिऱ्हाईक थांबेल का?” शेवटी पाच माणसांना मंगळवार ते शनिवार एकेक वार वाटून दिला, आणि दुपारी अडीचनंतर दोघादोघांनी बसून जेवायचे ठरले. पहिल्या सुटीला त्यातला एक वाढपी दिवसभर झोपला. दुसऱ्या आठवड्यात पाड्यावर जाऊन त्याने बापाबरोबर भाताची लावणी केली. तिसऱ्या आठवड्यात मालकच मला म्हणाले, “हल्ली याच्या हातून ताटे कमी पडतात.”