हौशी चित्रफीतकार आणि परक्याचा पडदा

एखादी कला केवळ आवडीसाठी, मोबदल्याची अपेक्षा न धरता जोपासणाऱ्याला मराठीत ‘हौशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हौशी नट, हौशी गायक, हौशी छायाचित्रकार हे शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. चलच्चित्राच्या बाबतीत मात्र हा शब्द फार काळ क्वचितच वापरला गेला, आणि त्याचे कारण उघड आहे. गाण्याला गळा पुरतो, नाटकाला चार वासे आणि एक पडदा पुरतो. चलच्चित्राला यंत्र लागते, फिल्म लागते, ती धुण्यासाठी रसायनशाळा लागते. आणि एवढे सगळे जमल्यावरही ते लोकांना दाखविण्याची सोय लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत ह्या अडचणी एकामागून एक दूर झाल्या. त्या कशा दूर झाल्या आणि त्यांच्या जागी कोणती नवी अडचण येऊन उभी राहिली, हे समजून घेतल्याखेरीज आजच्या हौशी चित्रफीतकाराचे जग नीट ध्यानात येणार नाही.

भारतातील चलच्चित्रणाचा आरंभच एका अर्थी हौसेतून झाला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, ह्यांनी परदेशातून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९२३ साली सोळा मिलिमीटरची आणि १९३२ साली आठ मिलिमीटरची अरुंद फिल्म कोडॅक कंपनीने खास घरगुती वापरासाठी बाजारात आणली. परंतु भारतात ती सधन घरांपुरतीच राहिली. लग्नसमारंभ, सहली, मुलांचे वाढदिवस एवढेच तिचे क्षेत्र होते.

चुंबकीय फितीवर चित्रण करणारे व्हिडिओ कॅमेरे आल्यावर खर्च उतरला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे होय. यंत्रमागांच्या ह्या गावात व्हिडिओ पार्लर चालविणारे शेख नासिर ह्यांनी स्थानिक मित्रमंडळींना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट तयार केला. कॅमेरा सरकविण्यासाठी रूळ नव्हते, म्हणून सायकल वापरली गेली. उंचावरून चित्रण करण्यासाठी बैलगाडीचा उपयोग झाला. फैझा अहमद खान ह्यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ह्या २००८ च्या माहितीपटामुळे ही धडपड जगाला ठाऊक झाली. मात्र मालेगावकरांनी यंत्राची अडचण युक्तीने सोडविली तरी पडद्याची अडचण पुरती सुटली नव्हती. पार्लर स्वतःचे होते म्हणूनच पहिला चित्रपट लोकांपुढे येऊ शकला.

ती दुसरी अडचण इंटरनेटने सोडविली. २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूब ह्या संकेतस्थळावर पहिली चित्रफीत चढविण्यात आली. तिची लांबी अवघी १९ सेकंद होती. संस्थापकांपैकी एक तरुण अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडेविषयी बोलतो, एवढेच तिच्यात आहे. कलेच्या दृष्टीने तिला काही मोल नाही. परंतु चित्रफीत तयार करणारा आणि ती पाहणारा ह्यांच्यामध्ये वितरक, चित्रपटगृह किंवा दूरदर्शन केंद्र उरले नाही, ही गोष्ट तिने दाखवून दिली. चढविलेल्या फितीच्या निरनिराळ्या दर्जाच्या प्रती संकेतस्थळच तयार करते. त्यामुळे मंद जोडणी असलेल्यालाही ती पाहता येते, आणि साठवणीचा खर्च निर्मात्यावर पडत नाही. भारतात ह्याचा खरा प्रसार २०१६ नंतर झाला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली, कंपन्यांमध्ये चढाओढ लागली आणि मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले.

त्यानंतर पडद्यावर जे चेहरे दिसू लागले, ते व्यावसायिक चित्रपटाला सुचले नसते. आंध्र प्रदेशातील गुडिवाडा परिसरातल्या मस्तानम्मा ह्या शंभरीच्या घरातील आजीबाई उघड्यावर, चुलीवर स्वयंपाक करीत. त्यांच्या पणतूने २०१६ पासून त्याचे चित्रण केले. २०१८ साली त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या प्रेक्षकांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेलेली होती. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातल्या चुलत भावंडांनी आजोबा पेरियतंबी ह्यांना बरोबर घेऊन २०१८ साली ‘व्हिलेज कुकिंग चॅनेल’ सुरू केले. जुलै २०२१ मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटीवर पोहोचली. छत्तीसगडमध्ये रायपूरजवळच्या तुलसी ह्या गावात तर चित्रफीत हा गावाचाच उद्योग झाला, आणि २०२३ साली जिल्हा प्रशासनाने तेथे स्टुडिओ उभारून दिला. तेथील अनेक चित्रफिती छत्तीसगढी बोलीत असतात. चित्रपटगृहाच्या अर्थशास्त्रात अशा बोलींना सहसा थारा मिळत नाही. येथे मात्र दोनचार हजार प्रेक्षकही पुरतात.

ह्या चित्रफिती तयार करण्याची रीत साधी असली तरी तिचे काही नियम अनुभवाने ठरून गेले आहेत. पहिला नियम ध्वनीचा. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी प्रेक्षक सहन करतो, पण शब्द ऐकू आले नाहीत तर तो निघून जातो. म्हणून जाणकार हौशी मनुष्य नव्या कॅमेऱ्याआधी सदऱ्याला लावावयाचा छोटा माइक विकत घेतो. दुसरा नियम प्रकाशाचा. खिडकी पाठीशी घेतल्यास चेहरा काळवंडतो, समोर घेतल्यास उजळतो, आणि ह्याला काही खर्च येत नाही. तिसरा नियम स्थैर्याचा. तिवई नसेल तर दोन विटांच्या आधारे उभा केलेला मोबाइलही हातातल्या मोबाइलपेक्षा बरा. ह्यापुढचे काम संकलनाचे. तासाभराच्या चित्रणातून दहा मिनिटे निवडताना आपल्या आवडीचा भागही टाकून द्यावा लागतो, आणि हौशी व अनुभवी ह्यांतील फरक बहुधा येथेच दिसून येतो.

येथपर्यंतचा सर्व कारभार चित्रफीतकाराच्या हातात असतो. फीत कोणापुढे ठेवावयाची हे मात्र तो ठरवीत नाही. ते काम संकेतस्थळाची संगणकीय व्यवस्था करते. आरंभी ती किती जणांनी फीत उघडली एवढेच मोजत असे. २०१२ पासून यूट्यूबने प्रेक्षक किती वेळ फीत पाहतो ह्याला अधिक महत्त्व दिले. ह्या एका बदलाने चित्रफितींची घडणच बदलली. नमस्कार-चमत्कार आटोपते झाले, आणि पाककृतीचा आरंभ तयार पदार्थाच्या दर्शनाने होऊ लागला. उत्पन्नाचेही असेच आहे. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळविण्याचा २०१८ साली ठरलेला निकष असा, की १,००० वर्गणीदार असावेत आणि गेल्या बारा महिन्यांत प्रेक्षकांनी एकूण ४,००० तास पाहिलेले असावेत. दहा मिनिटांची फीत २४,००० वेळा अखेरपर्यंत पाहिली गेली, तर हे तास भरतात. त्यानंतर जाहिरातीच्या रकमेपैकी ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. बहुसंख्य हौशी मंडळी ह्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. जे पलीकडे जातात, त्यांच्या हौसेला कामाच्या ठरलेल्या वेळा लागतात. आठवड्याला दोन फिती चढविण्याचा नेम चुकला तर प्रेक्षक विसरतील, ही धास्ती सुरू होते.

दुसऱ्याच्या पडद्यावर अवलंबून राहण्याचा अर्थ भारतातील हौशी कलावंतांना २९ जून २०२० रोजी सर्वांत स्पष्टपणे कळला. त्या दिवशी केंद्र सरकारने देशाची सुरक्षितता आणि सार्वभौमत्व ह्यांच्या कारणास्तव ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा येथील विषय नव्हे. येथे एवढेच पाहावयाचे, की काही सेकंदांच्या नाचगाण्यांतून आणि विनोदांतून लहान गावांतल्या असंख्य स्त्रीपुरुषांनी जो प्रेक्षकवर्ग मिळविला होता, तो एका दिवसात त्यांच्यापासून तुटला. ज्यांनी मूळ फिती मोबाइलमध्ये जपून ठेवल्या होत्या, त्यांना त्या इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर नेता आल्या. ज्यांचे सर्वस्व त्या ॲपमध्येच होते, त्यांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. प्रेक्षक मात्र कोणालाच बरोबर नेता आला नाही.

म्हणून हौशी चित्रफीतकाराने प्रसिद्धी आणि जपणूक ह्या दोन गोष्टी वेगळ्या मानणे आवश्यक ठरते. संकेतस्थळ हे प्रसिद्धीचे ठिकाण आहे; जपणुकीची जबाबदारी मात्र निर्मात्याचीच राहते. पार्श्वभूमीला चित्रपटातील गाणे घातल्यास संगणकीय तपासणीत ते ओळखले जाते, आणि फितीचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते किंवा फीतच रोखली जाऊ शकते. तेव्हा गावातल्याच कोणाचे तरी वाद्य, कोणाचा तरी गळा वापरणे अधिक शहाणपणाचे. मूळ चित्रणाची एक प्रत संगणकावर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि फितीबरोबर गाव, तारीख, दिसणाऱ्या माणसांची नावे लिहून ठेवावीत. दादासाहेब फाळके ह्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही आज केवळ काही भागच उरला आहे. तो तर नावाजलेला चित्रपट होता. गुडिवाड्याच्या एखाद्या चुलीचे, तुलसी गावातल्या बोलीचे किंवा घरच्या आजीच्या ओवीचे चित्रण पन्नास वर्षांनी कोणाला पाहावेसे वाटले, तर ते ज्याने केले त्याच्याच घरी सापडण्याचा संभव अधिक आहे.