हौदातले मासे आणि काठावरचा बगळा



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना हसू आले असेल. जगापुढे एवढे मोठाले प्रश्न उभे असताना परसातल्या हौदातील चार मासे बगळ्यापासून कसे वाचवावेत, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असेही कोणी शेजाऱ्याच्या कानात म्हणाले असेल. शंका रास्त आहे. पण या लहानशा प्रश्नापायी माझ्या अंगणात एका निरपराध जीवाची हत्या झाली, आणि ती केवळ अज्ञानामुळे झाली. ते अज्ञान माझे होते. म्हणून हा विषय मी आपणहून मागून घेतला आहे.

हकीकत थोडक्यात सांगतो. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आमचे घर आहे. मुलांच्या हट्टाखातर घरामागे एक हौद बांधला. हौद कसला, दीड फूट खोलीची पसरट परातच ती! काठ चोहोबाजूंनी उतरता, कारण उतरता काठ दिसायला गोजिरा. त्यात अकरा सोनमासे सोडले. पुढच्या चैत्रात ते एकेक करून नाहीसे होऊ लागले. नऊ दिवसांत सात गेले. पाण्यावर मेलेला मासा नाही, काठावर खवला नाही. घरात चौकशी-समिती बसली. पहिला आळ शेजारच्या मांजरावर आला, दुसरा कुंपणाखालून जाणाऱ्या मुंगसावर, तिसरा रात्री कौलांवर खुडबुडणाऱ्या उदमांजरावर. दहाव्या दिवशी दुपारी हौदाच्या कडेला एक दिवड निघाली. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, विषाचा थेंबही नाही. पण ‘चोर सापडला!’ असा ओरडा झाला, दोन काठ्या आल्या आणि दोन मिनिटांत सारे आटोपले. मी कोणाला अडवले नाही.

अकराव्या दिवशी आणखी एक मासा गेला.

तेव्हा कुठे मला पाहण्याची बुद्धी सुचली. बाराव्या दिवशी पहाटे पाचला दिवा न लावता खिडकीशी बसलो. काठावर एक बसकट पक्षी अंग आखडून उभा होता. पाठ आणि डोके काळे, बाकी अंग राखी, डोळे लालभडक, डोक्यामागे दोन-तीन लांब पांढरी पिसे. तो रातबगळा होता. पाच मिनिटे तो हलला नाही. मग मान विजेसारखी सुटली, आणि अकरांपैकी नववा मासा त्याच्या गळ्याखाली उतरला. दिवडही मासे खाते, हे खरे; पण जो गुन्हा आम्ही तिच्या माथी मारला तो तिचा नव्हता.

आधी चोर ओळखावा, मग उपाय करावा, हा यातला पहिला धडा. पाहुणे कोणकोणते येतात ते पाहू.

दिवसा येणारा मुख्य पाहुणा म्हणजे वंचक, ज्याला आपण ढोकरी म्हणतो. मातकट रेघोट्यांचा हा लहान बगळा काठावर उभा राहिला की मातीशी एकरूप होतो आणि उडाला की एकदम पांढरा दिसतो. वंचक म्हणजे फसवणारा. नाव ठेवणाराने नीट पाहून ठेवले आहे. पंचतंत्रातला माशांना फसवणारा बगळाही अशाच निरीक्षणातून आला असावा. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पाळी रातबगळ्याची. हे दोघेही मासा अख्खा गिळतात, म्हणून मागे पुरावा उरत नाही. मासे एकेक करून बिनबोभाट जात असतील, किंवा उरलेल्या माशाच्या पाठीवर भोसकल्यासारखी जखम दिसली, तर संशय बगळ्यावर घ्यावा.

खंड्या तारेवर किंवा फांदीवर बसून खाली सूर मारतो. तो बोटाएवढे मासे नेतो, मोठ्यांच्या वाटेस जात नाही. पाणकावळा पाण्याखाली बुडी मारून पाठलाग करतो, पण त्याला मोकळे, मोठे पाणी लागते. पाषाण किंवा कात्रजचे तळे सोडून तो परसातल्या हौदाकडे क्वचितच वळतो. घार वरवर आलेला, आजारी मासा उचलते. मांजर आणि मुंगूस काठावरून पंजा घालतात. त्यांच्या मागे ओली पावले, खवले, कधी अर्धवट खाल्लेला मासा सापडतो. उदमांजराचा मुख्य आहार फळे, उंदीर आणि किडे. माशांच्या बाबतीत त्याची बदनामीच अधिक. पिल्ले नाहीशी होत असतील तर पाण्यात पाहावे, कारण चतुराच्या अळ्या पाण्यातच वाढतात आणि माशांची इवली पिल्ले पकडून खातात. मोठा बेडूकही त्यांना सोडत नाही.

आणि मासे अख्खेच्या अख्खे मरून तरंगत असतील तर बाहेरचा कोणीही गुन्हेगार नाही. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरिन असते. हौद एकदम त्या पाण्याने भरला तर माशांचे कल्ले भाजून निघतात. पाणी पिंपात एक-दोन दिवस उघडे ठेवून मगच थोडे थोडे घालावे. अशा वेळी मारेकरी कुंपणावरून नव्हे, तोटीतून आलेला असतो!

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. रानातल्या ओढ्यातही मासे असतात आणि बगळेही असतात. तिथे मासे संपत नाहीत. मग आपल्याच हौदातले का संपतात? माझे उत्तर असे की, आपण माशाकडून त्याची तिन्ही शस्त्रे काढून घेतली आहेत.

पहिले शस्त्र रंगाचे. सोनमाशाचा रानातला पूर्वज मळकट हिरवट-तपकिरी असतो. वरून पाहणाऱ्याला तो तळाच्या चिखलात मिसळलेला दिसतो. चीनमध्ये सुमारे हजार वर्षे माणसांनी लाल-सोनेरी पिल्ले निवडून वाढवली, आणि जपानात निइगाता भागातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात साध्या कार्प माशातून चित्रविचित्र रंगांचे कोई मासे घडवले. रंग आपल्या डोळ्यांसाठी निवडला. पण बगळ्यालाही डोळे आहेत. पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वाकतो आणि मासा असतो तिथे न दिसता थोडा वर दिसतो. ती चूक दुरुस्त करून नेम धरण्याची हातोटी बगळ्याला आहे. त्यात मासा केशरी असला, म्हणजे काम आणखी सोपे.

दुसरे शस्त्र भीतीचे. पाण्यावर सावली पडली की रानातला मासा तळाशी पळतो. आपण रोज ठरल्या वेळी काठावर उभे राहून खाणे टाकतो, आणि सावली म्हणजे जेवण असे त्याला शिकवतो. मग बगळ्याची सावली पडली तरी तो धावत वर येतो. आम्हाला याचे केवढे कौतुक वाटे!

तिसरे शस्त्र खोलीचे. उथळ हौद उन्हाळ्यात लवकर तापतो, आणि ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री त्याही तो घेतात. त्यामुळे दाटीवाटीच्या हौदात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. मासे तोंड वर काढून धापा टाकतात, आणि रातबगळा नेमका त्याच वेळी शिकारीवर असतो. त्यातच चैत्र-वैशाखात ओढे आटतात आणि पाखरे पाणी शोधत वस्तीत येतात. तेव्हा दोष पाखराचा किती आणि हौदाचा किती, ते आपणच ठरवावे.

याच पुण्यात हौद बांधण्याची विद्या आपल्या पूर्वजांना उत्तम अवगत होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ. स. १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले. ते पिण्याच्या पाण्यासाठी होते, माशांसाठी नव्हे. पण त्यांची घडण आठवा: दगडाच्या उभ्या भिंती, खोल पाणी, आणि पाण्याची पातळी काठापासून बरीच खाली. अशा हौदात बगळा उभा राहील कुठे? त्याला पाय टेकायला जागा नाही, आणि काठावरून चोच पाण्याला पोचत नाही. मांजराचा पंजाही पोचत नाही. विहिरीत मासे सोडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ते मासे सुखाने नांदत, त्याचेही कारण हेच. बगळा हा उभ्याने शिकार करणारा पक्षी आहे. त्याला उभे राहू दिले नाही की तो निम्मा हरला.

म्हणून नवा हौद बांधणाऱ्याने खोली निदान तीन फूट ठेवावी, भिंती उभ्या ठेवाव्यात आणि पाणी काठाच्या एक फूट खाली राखावे. आत कडेने पायरी किंवा कट्टा ठेवू नये. खोल पाणी तळाशी थंड राहते, म्हणजे उन्हाळ्याचाही बंदोबस्त होतो. मात्र बेडूक, सरडा किंवा खारीचे पिल्लू आत पडले तर त्याला बाहेर येता यावे म्हणून कोपऱ्यात एक अरुंद, खडबडीत फळी तिरपी लावावी. घरात लहान मूल असेल तर अशा हौदावर लोखंडी गजांचे झाकण हवेच. तिथे माशांचा विचार नंतरचा.

ज्यांचा हौद आधीच उथळ आहे, त्यांनी माशांना लपायला जागा करून द्यावी. तळाशी खापराच्या किंवा सिमेंटच्या नळ्यांचे तुकडे आडवे ठेवावेत. कुंभाराकडची तडा गेलेली मडकीही चालतात. दोन दगडांवर एक फरशी टेकवली तरी उत्तम घर होते. पाण्याचा निम्म्याच्या आत-बाहेर भाग कमळाच्या पानांनी झाकलेला असावा. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नये. तिने आपल्या नद्या-तळ्यांची काय दशा केली ते आपण पाहतोच. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारले आहे. तेथील तळ्यातले रंगीत मासे पाहून आपल्यालाही तसे हवेसे वाटते. पण त्या तळ्याचा विस्तार केवढा आणि आपला हौद केवढा, याचा विचार मासे विकत घेण्यापूर्वी करावा. गर्दी कमी तर पहाटेच्या धापाही कमी.

आता जाळीविषयी. खात्रीचा उपाय जाळीच, पण घातही तीच करते. बारीक नायलॉनचे सैल जाळे पाण्यावर टाकले तर ते पाखराला दिसत नाही. त्यात पाय अडकतो, पंख अडकतो. साप शिरला तर खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाही आणि उन्हात तडफडून मरतो. नायलॉनच्या मांजाने पाखरांचे काय होते हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून जाळी ताठ, जाड आणि नजरेत भरणारी असावी. लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर सुमारे एक इंच घराची तारेची जाळी ठोकून ती पाण्यापासून वीतभर उंच बसवावी, म्हणजे बगळा वर बसला तरी चोच माशापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी एकदा जाळीवरून नजर फिरवावी. चौकट बिजागरीवर असली तर हौद साफ करणेही सोपे जाते.

बुजगावणे, चमकत्या चकत्या, प्लॅस्टिकचा बगळा या गोष्टी चार दिवस उपयोगी पडतात. पाचव्या दिवशी खरा बगळा खोट्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. पाखरू आपल्याइतकेच शिकते.

दिवडीला मात्र यांतला कोणताही उपाय पुरा रोखत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हौदाभोवती दगड-विटांचे ढीग ठेवू नयेत, एवढेच करता येते. ती आलीच तर दूर उभे राहून जाऊ द्यावे, नाहीतर सर्पमित्राला बोलवावे. ती डिवचली तर चावते, पण विष नाही.

पिंजरे, फास, विष यांचा मात्र विचारही नको. बगळे, मुंगूस, उदमांजर, दिवड या साऱ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी माझे म्हणणे हेच राहिले असते. विष पेरणाऱ्याला ते कोण खाईल हे ठरवता येत नाही, आणि काठी उचलणाऱ्याला खरा चोर कोण हे बहुधा ठाऊक नसते. मला नव्हते. बगळा काही आपल्या घरावर दरोडा घालायला येत नाही. आपण परात मांडतो, तीत सोनेरी घास ठेवतो, तो घास सावलीकडे धावायला शिकवतो, आणि पाहुणा जेवला की रागावतो.

आमची परात आता उरलेली नाही. त्याच जागी साडेतीन फूट खोल, उभ्या भिंतींचा हौद आहे, वर जाळी आहे, तळाशी तीन मडकी आहेत. उरलेले दोन मासे आणि नंतर आणलेले पाच, असे सात जण त्यात आहेत. खाणे आम्ही रोज वेगळ्या वेळी, अंमळ दुरून टाकतो. रातबगळा अजून येतो. कठड्यावर उभा राहतो, मान वाकडी करून खाली पाहतो आणि नदीच्या दिशेने निघून जातो. गेल्या पावसाळ्यात एक दिवड हौदाच्या कडेने सरसरत गेली. मुलाने हाक मारली, ‘बाबा, दिवड!’ आम्ही दोघे पायरीवर उभे राहून ती कुंपणाबाहेर जाईपर्यंत पाहत राहिलो. काठी कोणी आणली नाही.